अजिंठा-वेरूळ दोन दिवसांत: आधी वेरूळ, मग अजिंठा

सोमवार आणि मंगळवार असे दोनच दिवस हाताशी असून सोबत सत्तरीतल्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी आहे, तेव्हा छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून अजिंठा आणि वेरूळ कसे पाहावे, असे आपण विचारले आहे. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे आपला क्रम आधीच ठरला आहे: सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. हा क्रम उलटा लावल्यामुळे शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटकावरून परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

वेरूळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेथील बहुतेक लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येते. म्हणून सकाळी थोड्या अंतरावरची जैन लेणी, विशेषतः ३२ क्रमांकाचे, पाहून घ्यावी आणि १६ क्रमांकाचे कैलास लेणे तीननंतरसाठी राखावे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर वरून खाली कोरत आणले. कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा राणीचा नेम आणि म्हणून कळसापासून काम सुरू करणारा शिल्पकार कोकस, ही आख्यायिका मुलीला आदल्या रात्रीच सांगावी. मग तिची नजर आपोआप शिखराकडे जाईल. सासूबाईंना वरच्या मजल्याचे जिने चढण्याचा आग्रह करू नये, कारण कैलास पर्वत हलवणारा रावण खालच्या प्रांगणातूनच दिसतो.

मंगळवारी मात्र सकाळी सातच्या आत निघावे. अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरजवळच्या फाट्यावर सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते आणि त्यानंतर पायऱ्या असतात. ज्येष्ठांसाठी तेथे डोली मिळते. दर आधी ठरवावा. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागत असल्याने चटकन निघणाऱ्या चपला घालाव्यात.

तीसच्या तीस लेणी पाहण्याचा हट्ट सोडावा, असे मी मनापासून सांगतो. १, २, १०, १६, १७ आणि २६ एवढी नीट पाहिली, तरी दिवस भरतो. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात शिरल्यावर काळोखाखेरीज काही दिसत नाही आणि बहुतेक माणसे दोन मिनिटांत बाहेर पडतात; मीही पहिल्या खेपेस तसाच निघालो होतो आणि ते मला फार लागून राहिले. दुसऱ्या खेपेस मी भिंतीजवळ, पण तिला हात न लावता, पाच-सात मिनिटे नुसता उभा राहिलो. आधी भिंतीवर रंगवलेल्या पद्मपाणीचा, म्हणजे हाती कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचा, मुकुट उमटला, मग अर्धवट मिटलेले डोळे, आणि सर्वांत शेवटी बोटांत अलगद धरलेले कमळ. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावरची आहेत आणि झगझगीत प्रकाशाने रंग उडतात, म्हणून फ्लॅशला मनाई आहे; मोबाइलचा फ्लॅश आत शिरण्यापूर्वीच बंद करावा. दहाव्या लेण्यातील एका खांबावर १८१९ साली येथे आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव खरवडले आहे. ते मुलीला अवश्य दाखवावे आणि असे का करू नये, हे तेथेच सांगावे.

२६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाच्या प्रसंगाची, सुमारे सात मीटर लांबीची बुद्धमूर्ती शेवटाकडे येते, तोवर पाय थकलेले असतात. म्हणून वाटेत सासूबाईंना दोनदा तरी सावलीत बसू द्यावे, पाणी जवळ बाळगावे आणि फाट्याकडे परतणारी शेवटची बस किती वाजता सुटते, हे सकाळी उतरतानाच चालकाला विचारून ठेवावे.