पातळ पेज, सुजलेली पावले : लहान मुलांच्या तीव्र कुपोषणाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझा नातू 14 महिन्यांचा आहे. अंगणवाडी सेविकेने त्याच्या दंडाला फीत लावली, घेर 11.8 सेंटिमीटर भरला आणि 'पिवळ्यात आहे' असे ती म्हणाली. त्याचा बापही लहानपणी असाच किडकिडीत होता. काळजीचे कारण आहे का? (एक आजी, जांबोटी परिसर, ता. खानापूर)

उत्तर : आहे. अंगकाठी बापाची येते हे खरे, पण ती उंचीत आणि हाडापेरात दिसते; दंडावरचे मांस झडते ते अपुऱ्या खाण्याने किंवा आजाराने. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर फारसा बदलत नसल्यामुळे सर्व मुलांना एकच मोजमाप लावता येते. घेर 12.5 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर हिरवा पट्टा, 11.5 ते 12.5 च्या मध्ये असेल तर पिवळा म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण, आणि 11.5 च्या खाली असेल तर तांबडा म्हणजे अतितीव्र कुपोषण. तुमचा नातू तांबड्यापासून जेमतेम तीन मिलिमीटरवर आहे आणि तेवढे अंतर जुलाबांचा एक जोराचा आजारही कापू शकतो.

फीत पुन्हा एकदा लावून घ्या. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, हात सैल खाली सोडायचा आणि फीत कातडीला नुसती टेकवायची. ती ओढून लावली की घेर कमी भरतो, सैल लावली की मूल उगाचच हिरव्यात जाते. उंची आणि वजनही एकाच दिवशी मोजून घ्या, कारण काही मुलांचा दंड ठीक भरतो आणि उंचीच्या मानाने वजन मात्र फार कमी निघते. पुढे दर आठवड्याला फीत लावून घ्यावी. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्या माणसाची क्षयरोगाची तपासणी आधी करावी. मुलाचे वजन न वाढण्यामागे तेही कारण असू शकते.

तायी कार्डावरचे, म्हणजे कर्नाटकातल्या आई-बाळाच्या नोंदींच्या कार्डावरचे कन्नड वाचता येत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. सीमाभागातल्या कित्येक घरांची ही अडचण आहे आणि ती दूर व्हायला हवी. तोवर सेविकेला वजनाचा आलेख दाखवायला सांगा. रेघ वर चढत असेल तर मूल वाढत आहे. दोन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. हे कळायला कोणतीही लिपी यावी लागत नाही.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीचे गाल आणि पाय भरल्यासारखे दिसतात. शेजारी म्हणतात, बाळसे धरले. ती मात्र दिवसभर किरकिरते आणि जेवत नाही. (हुक्केरी तालुका)

उत्तर : हे बाळसे नसण्याची शक्यता मोठी आहे. तिच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा तसाच राहिला, तर ती सूज आहे. दोन्ही पावलांना अशी सूज असेल आणि दुसरा आजार त्यामागे नसेल, तर दंडाचा घेर कितीही भरो, ते अतितीव्र कुपोषण ठरते. याला सुजवटी म्हणतात. मूल जेवत नसेल तर ती अधिकच गंभीर बाब आहे. उत्तर वाचून झाल्यावर आजच सरकारी रुग्णालयात घेऊन जा. वाटेत अंग उबदार ठेवा आणि थोडे थोडे साखरपाणी पाजत राहा, कारण अशा मुलाच्या अंगातली ऊब आणि रक्तातली साखर दोन्ही झपाट्याने उतरतात. लघवी होण्याची गोळी किंवा हौसेने लावलेले सलाईन मात्र टाळा. अशक्त झालेल्या हृदयाला तो भार झेपत नाही.

प्रश्न : मी विड्या वळते. नऊ महिन्यांचे बाळ सासूबाईंजवळ असते. त्या त्याला दिवसातून चार वेळा तांदळाची पेज पाजतात, तरी वजन वाढत नाही. (निपाणी)

उत्तर : सासूबाईंच्या मायेत काही कमी नाही, कमी आहे ती पेजेत. या वयाच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटी मावते. पातळ पेजेने ती वाटी भरली, तर पोट पाण्याने भरते, बाळ तोंड फिरवते आणि घरच्यांना वाटते, जेवला. चमचा तिरपा केला तर अन्न ओघळून जाऊ नये, हळूच सरकावे. इतपत ते घट्ट हवे.

दोन भाग तांदळाला एक भाग मूगडाळ घ्या, मऊ शिजवा, त्यात भोपळा किंवा गाजर घोटा आणि वाटीला एक चहाचा चमचा तेल किंवा तूप घाला. त्या एका चमच्यात सुमारे 45 उष्मांक असतात, म्हणजे पोटात जास्त जागा न अडवता ताकद वाढते. भाजलेल्या शेंगदाण्यांचे अगदी बारीक कूट त्यात मिसळता येते. अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. अंडे उकडून, कुस्करून द्यावे. शाकाहारी घरात दही आणि घट्ट वरण चालते.

नाचणी तुमच्या भागात सहज मिळते, तिचा एक गुण सांगण्याजोगा आहे. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे चिमूटभर पीठ घट्ट लापशीत घातले की ती काही मिनिटांत सैल होते, कारण मोडांतला घटक पिठाचा चिकटपणा तोडतो. मग पाणी न वाढवता जास्त पीठ शिजवता येते. आमच्या आज्या सत्त्व करत, ते उगाच नव्हे.

दिवसातून तीन-चार वेळा हे अन्न द्यावे, मध्ये एक-दोनदा फळ किंवा असेच काही हलके खायला द्यावे, आणि अंगावरचे दूध दोन वर्षे किंवा त्यापुढेही चालू ठेवावे. तंबाखूचे हात साबणाने धुऊनच बाळाला घ्या आणि पाला-तंबाखूची सुपे त्याच्या रांगण्याच्या जागेपासून दूर ठेवा. दुधाची बाटली घरात असेल तर बाजूला टाका, वाटी-चमचा पुरे.

प्रश्न : डॉक्टरांनी मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे ठेवायला सांगितले आहे. पत्नीची मजुरी बुडते. घरीच प्रोटीन पावडर आणि लोहाचे टॉनिक देऊन चालणार नाही का? (चिकोडी तालुका)

उत्तर : चालणार नाही, आणि सुरुवातीला ही दोन्ही औषधे घातकही ठरू शकतात. उपाशी राहून राहून शरीराने आपले कामच मंद केलेले असते. यकृत आणि मूत्रपिंडे प्रथिनांचा मोठा भार पेलू शकत नाहीत, तर लोह जंतुसंसर्गाला हातभार लावू शकते. म्हणून केंद्रात पहिल्या काही दिवसांत 100 मिलिलिटरमागे 75 उष्मांकांचे दूध दर दोन तासांनी, रात्रीही देतात आणि प्रतिजैविके सुरू करतात. भूक परतली की 100 उष्मांकांचे दूध आणि घरचे अन्न वाढवत नेतात. लोहाची वेळ तेव्हा येते.

एक अट मात्र तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता. ज्या मुलाला ताप, न्यूमोनिया, सूज, सतत उलट्या असे काही नाही आणि जे केंद्रात दिलेले खाद्य स्वतःहून खाते, म्हणजे भुकेच्या चाचणीत उतरते, त्याच्यावर घरी राहूनही देखरेखीखाली उपचार करता येतात. तुमच्या मुलाने घास नाकारला असेल, तर दाखल करणेच योग्य. आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई केंद्रातून मिळते, ती मागून घ्या. परतल्यावर अंगणवाडीत नाव लावा. अतितीव्र कुपोषित मुलाला तिथे सामान्य मुलापेक्षा जास्त उष्मांक आणि प्रथिने देणारा आहार ठरलेला आहे.

प्रश्न : ऊसतोडीला आलेल्या टोळीची मुले फडाशेजारच्या खोपटांत असतात. गावच्या अंगणवाडीत त्यांना घेता येते का? (संकेश्वर)

उत्तर : घेता येते, मूल जिथे राहते तिथल्या अंगणवाडीतून त्याला आहार मिळायला हवा, कार्ड कुठल्याही गावचे असो. हंगाम सुरू होताच सेविकेला खोपटांकडे एकदा घेऊन जा आणि सगळ्या लहानग्यांच्या दंडाला फीत लावा. तांबड्यात निघालेल्या मुलाची चिठ्ठी करून टोळीच्या मुकादमाच्या हाती द्या, आणि त्या आईला दवाखान्यात जाऊ दे, असे त्याला सांगा.