वाचक विचारतात: आल्सासची लाकडी घरं आणि द्राक्षमळ्यांतली गावं

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाइन नदी आणि व्होज डोंगर यांच्यामध्ये आल्सास नावाची चिंचोळी पट्टी आहे. या पट्टीबद्दल लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते. माझी बरीच वर्षं तिथेच गेली, त्यामुळे हातचं राखून सांगणार नाही.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. सप्टेंबरअखेर जायचा बेत आहे. स्ट्रासबर्ग, कोलमार, एगिसहाइम, रिकवीर, कायजर्सबर्ग आणि रिबोविले असं सगळं दोन दिवसांत उरकून देतो, असं टूरवाले म्हणतात. आम्ही गाडी चालवणार नाही. काय करावं?

उत्तर: उरकून होईल, पण बघून होणार नाही. या गावांचे रस्ते अरुंद, आणि बसेस सगळ्या एकाच वेळी येतात. दुपारी बारा वाजता रिकवीरच्या मुख्य रस्त्यावर तुम्हाला घरांपेक्षा पाठीच जास्त दिसतील. त्याच रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर किंवा सकाळी दुकानं उघडण्याआधी चाला, वरच्या मजल्याच्या तुळया, दारांवरचं कोरीवकाम, अंगणातली जुनी विहीर, सगळं निवांत बघता येईल. म्हणून माझा आग्रह एकच: गावं कमी करा, रात्री वाढवा.

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून स्ट्रासबर्गला वेगवान गाडीने पावणेदोन तास लागतात. स्ट्रासबर्गला एक मुक्काम ठेवा. तिथून कोलमार प्रादेशिक गाडीने साधारण अर्ध्या तासावर. कोलमारला तीन रात्री राहा. एगिसहाइम तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे, बसने किंवा सायकलने सहज होतं. कायजर्सबर्ग आणि रिकवीरला रेल्वे नाही, बस आहे. पण रविवारी बसेस फारच कमी, तेव्हा ही गावं आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ठेवा. रिबोविलेला सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी जुन्या वादकांच्या परंपरेचा मोठा उत्सव असतो. तुमच्या तारखा त्यानंतरच्या आहेत, म्हणून या खेपेला ते गाव गाळलंत तरी मी काही म्हणणार नाही.

कोलमारमध्ये ‘छोटं व्हेनिस’ म्हणतात तो भाग लाउख नदीच्या काठी आहे. मला हे नाव फारसं पटत नाही, कारण या पाण्याला स्वतःचा इतिहास आहे. इथले माळी सपाट तळाच्या होड्यांतून भाजीपाला बाजारात आणायचे, आणि कोळ्यांची वस्ती पलीकडच्याच धक्क्यावर होती. त्याच पाण्याला लागून 1865 साली बांधलेली मंडई आहे. तिच्या कोपऱ्यावर पिंपातून दारू पिणाऱ्या पोरसवदा द्राक्षबागाईतदाराचा पुतळा आहे. तो बार्थोल्डीने केला. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणारा हाच बार्थोल्डी, 1834 साली कोलमारला जन्मलेला. होडीतून फेरी जरूर मारा. पूल बुटके आहेत, नावाडी सांगेल तेव्हा डोकं खाली घालायचं.

आणखी एक. तुम्ही जाल तेव्हा द्राक्षतोडणी चालू असेल. त्या दिवसांत मळ्यांतल्या पायवाटा बऱ्याच गावांत लोकांसाठी बंद ठेवतात. फलक दिसला तर मागे फिरा. ज्यांचं वर्षभराचं पीक त्या दिवसांत घरात येतं, त्यांच्या ट्रॅक्टरच्या वाटेत उभं राहू नये.

प्रश्न: मी वास्तुरचना शिकते. ही घरं खरंच मध्ययुगातली आहेत का? आणि लाकडाचं घर चारशे वर्षं उभं कसं राहतं?

उत्तर: तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावांचा आराखडा मध्ययुगीन आहे: तटबंदी, वेशी, गल्ल्यांचं वळण. रिकवीरचा डोल्डर बुरूज 1291 चा. एगिसहाइममध्ये गल्ल्या किल्ल्याभोवती एकात एक वर्तुळांसारख्या फिरतात. पण फोटोत येणारी लाकडी घरं बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकातली, म्हणजे मध्ययुग संपल्यानंतरची. तेव्हा आल्सासची वाइन ऱ्हाइनमार्गे उत्तरेकडे जात होती आणि गावांत पैसा खेळत होता. कोलमारचं फिस्टर घर 1537 साली एका टोपीवाल्याने बांधलं. त्याने चांदीच्या व्यापारात पैसा केला होता. त्याच्या जवळच कॉयफूस ही 1480 ची जुनी जकातकचेरी आहे. खाली मालाची साठवण आणि करवसुली, वर आल्सासमधल्या दहा शहरांच्या संघाच्या बैठका. हा दहा शहरांचा संघ 1354 चा.

आता लाकडाचं. व्होजच्या जंगलात ओक मुबलक, पायथ्याला चिकणमाती मुबलक. दोन्ही जवळ, म्हणून घर तसं. सुतार आधी भिंतीचा सगळा सांगाडा जमिनीवर आडवा मांडून जुळवायचा, प्रत्येक जोडावर छिन्नीने खुणा करायचा, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवायचं आणि आडवी ओकची मेख ठोकायची. खिळ्यांचं काम नाही. आजही जुन्या भिंतीजवळ जाऊन डोळ्यांच्या पातळीवर बघ: तुळईच्या टोकाशी दोन उभ्या रेघा आणि एक फुली अशा खुणा दिसतील, त्याच खुणा शेजारच्या खांबावरही. मेखेचं डोकं कधी कधी बोटभर बाहेर राहिलेलं असतं. हे एकदा दिसायला लागलं की रंगांकडे लक्षच जात नाही.

सांगाड्यातल्या मोकळ्या चौकटी कुडाने भरायच्या. फांद्यांची विण, तिच्यावर पेंढा कालवलेल्या मातीचं लिंपण, वरून चुन्याचा गिलावा. ही भिंत श्वास घेते, लाकडातली ओल बाहेर पडते. विसाव्या शतकात काही मालकांनी सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा ओल आत कोंडली आणि तुळया कुजल्या. तळमजला दगडी असतो, कारण जमिनीची ओल लाकडाला चढू द्यायची नाही. वरचा मजला पुढे काढलेला असतो. आत जागा वाढते आणि खालच्या भिंतीवर पावसाचं पाणी थेट येत नाही. तिरके टेकू बघायला विसरू नकोस. हात-पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी त्यांची मांडणी खांबाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, आणि तिथे तिला ‘माणूस’ असंच म्हणतात.

सांगाडा सुटा करता येतो म्हणून जुन्या काळी असं घर जंगम मालमत्तेत धरायचे. लोक घर उतरवून दुसऱ्या गावी नेत. उंगर्सहाइमला 1984 साली सुरू झालेलं एकोम्युझे नावाचं खुलं संग्रहालय आहे. मोडीत निघालेली सत्तरहून जास्त घरं जागेवरून उतरवून तिथे पुन्हा उभी केली आहेत. तू शिकते आहेस, तर तुझ्यासाठी ते कोलमारइतकंच महत्त्वाचं. मी तुझ्या जागी असते तर एक अख्खा दिवस तिथे काढला असता.

स्ट्रासबर्गच्या पेतित फ्रान्स भागात चांभारांची, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची घरं आहेत. उतरत्या छपरात उघडे माळे दिसतील. वारा आरपार जावा आणि कातडी वाळावीत म्हणून. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध घर 1572 चं. जवळच्या वोबां धरणाच्या गच्चीवर जा, तिथून इल नदीच्या फाट्यांची रचना एका नजरेत कळते. शत्रू आला की धरणाची दारं पाडून शहराच्या दक्षिणेची जमीन बुडवायची, यासाठी ते सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलं.

घराच्या रंगावरून मालकाचा धंदा ओळखता येतो, असं गाइड सांगतात. मी धंदा ओळखायला दाराच्या चौकटीवर बघते. पाववाल्याच्या दारावर ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, पिंपं बनवणाऱ्याच्या दारावर हातोडा, बागाईतदाराच्या दारावर वाकडा कोयता, आणि जोडीला साल कोरलेलं असतं.

प्रश्न: गेल्या वर्षी रिकवीरजवळून जाताना बेनवीर गाव लागलं. तिथे एकही जुनं घर नव्हतं, चर्चसुद्धा नव्या पद्धतीचं. ते गाव जुनं नाही का?

उत्तर: जुनं आहे, पण 1944-45 च्या हिवाळ्यात ते जमीनदोस्त झालं. कोलमारभोवती जर्मन सैन्याचा वेढलेला पट्टा उरला होता, लढाई महिनोन्महिने चालली आणि 2 फेब्रुवारी 1945 ला कोलमार मुक्त झालं. बेनवीर, सिगोल्सहाइम, अमर्श्वीर, मितेलवीर ही गावं गेली. काही किलोमीटरवरचं रिकवीर वाचलं. आज गर्दी वाचलेल्या गावांकडे जाते. तुमच्यासारखं कुणी बेनवीरबद्दल विचारलं की मला समाधान वाटतं. सिगोल्सहाइमच्या वरच्या टेकडीवर सैनिकांची स्मशानभूमी आहे. तिथे गेलात तर खालचा द्राक्षमळा आणि ही सगळी गावं एकत्र दिसतील, आणि कुठल्या गावाची छपरं नवी आहेत ते आपोआप कळेल.

प्रश्न: यजमानांना वाइन चाखायची आहे, मी घेत नाही आणि शाकाहारी आहे. मला तिथे काय?

उत्तर: पुष्कळ काही. बऱ्याच बागाईतदारांकडे द्राक्षरसही मिळतो, मागायला संकोच करू नका. पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालून भाजतात ती फ्लामकुश. मांसाशिवाय द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी करून देतात, मात्र ऑर्डर देतानाच सांगा. कुगलॉफ हा मधे भोक असलेला उंच केक गोडाचा घ्या, खारट कुगलॉफमध्ये मांस असतं.

यजमानांना सांगा, कोरड्या वाइनपासून सुरुवात करून गोडाकडे जायचं: आधी सिल्वानेर, रीसलिंग, शेवटी गेवुर्त्सट्रामिनेर. उलट क्रमाने घेतली तर रीसलिंगची चव लागतच नाही. सगळं गिळायचं नसतं, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात काही अशिष्ट नाही. लहान तळघरात फुकट चाखायला दिलं असेल तर एक तरी बाटली घ्यावी. ते माणूस मळ्यातून हात धुऊन तुमच्यासाठी वर आलेलं असतं.

प्रश्न: पाऊस लागला तर कोलमारमध्ये काय बघावं?

उत्तर: कोलमारला पाऊस कमीच, व्होज डोंगर तो अडवतो, द्राक्षं पिकतात ती त्यामुळेच. तरी ऊन असलं तरीही उंटरलिंडेन संग्रहालय चुकवू नका. जुन्या मठाच्या प्रार्थनागृहात चित्रकार ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 मध्ये रंगवलेली इसेनहाइमची वेदी, म्हणजे वेदीवरच्या चित्रांच्या फळ्या, आहेत. राय धान्याला बुरशी लागली की ते खाणाऱ्यांचे हातपाय जळाल्यासारखे होऊन झडत. इसेनहाइमचे साधू अशा रुग्णांची सेवा करायचे, त्यांना चांगला पाव आणि संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन द्यायचे. चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगावरचे व्रण त्या रुग्णांना आपले वाटावेत असे आहेत. फळ्या वेगवेगळ्या मांडल्यात, मागूनही बघता येतात. अर्धा तास नको, सकाळ द्या.

प्रश्न: नाताळच्या बाजाराला जावं का?

उत्तर: स्ट्रासबर्गचा बाजार 1570 पासूनचा, जावं जरूर, पण शनिवार-रविवारी नको. आणि ध्यानात ठेवा, 26 डिसेंबरला आल्सासमध्ये आणि शेजारच्या मोझेलमध्ये सुट्टी असते, उरलेल्या फ्रान्समध्ये नसते. जर्मन राजवटीच्या काळचा नियम तसाच राहिला आहे. त्या दिवसाचं किराणासामान 24 च्या दुपारपर्यंत घेऊन ठेवा.