पासवर्ड टाकून झाला, मग शंका आली: आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: 'पार्सलचा पत्ता अपुरा आहे' असा मेल आला, त्यातल्या लिंकवर जाऊन तुम्ही तुमच्या मेलचा पासवर्ड टाकला, पान नुसतंच गोल गोल फिरत राहिलं आणि मग मनात पाल चुकचुकली. आणि प्रश्न असा की लॅपटॉपमधला व्हायरस काढायला कुठला अँटिव्हायरस विकत घ्यावा.

अँटिव्हायरसचं नंतर बघू. तुम्ही त्या पानावरून काही डाउनलोड केलं नसेल, कुठली फाइल उघडली नसेल, तर लॅपटॉपला बहुधा काहीच झालेलं नाही. चोर लॅपटॉपमध्ये शिरलेला नाही. तुम्ही त्याला किल्ली दिलीत, आणि तीही मेलच्या खात्याची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' वाले मेल याच पेटीत येतात. तेव्हा लॅपटॉप स्कॅन करत बसण्यात तासभर घालवू नका, आधी खातं ताब्यात घ्या.

मेलचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने टाइप करून आत जा आणि पासवर्ड बदला. जुन्या पासवर्डच्या शेवटी एक आकडा वाढवलात तर तो बदल धरू नका. मग सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून साइन आउट' असा पर्याय असतो, तो वापरा. नुसता पासवर्ड बदलल्याने आधीच आत बसलेला माणूस प्रत्येक ठिकाणी बाहेर पडतोच असं नाही. त्यानंतर खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा मेल पत्ता तुमचाच आहे ना ते पाहा, आणि खात्याशी जोडलेल्या ॲपच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका.

यापुढची पायरी जवळजवळ सगळे विसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेलच्या सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' किंवा 'रूल्स' नावाचे भाग असतात. आत शिरलेला चोर लगेच धिंगाणा घालत नाही. तो गुपचूप एक नियम लावून ठेवतो: बँकेकडून किंवा 'पासवर्ड' हा शब्द असलेला मेल आला की तो वाचलेला दाखव, कचऱ्याच्या पेटीत टाक आणि त्याची एक प्रत अमुक पत्त्यावर पाठव. तुम्ही पासवर्ड बदलता, हुश्श करता, आणि तो नियम महिनोन्महिने इमानेइतबारे काम करत राहतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना चार महिन्यांनी कळलं, तेही एका गिऱ्हाइकाने 'तुम्ही पाठवलेल्या नव्या खात्यात पैसे भरले' असं सांगितलं तेव्हा. नवं खातं अर्थातच यांचं नव्हतं.

हाच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. तुम्ही वापरलाच असणार, आपण सगळेच वापरतो. चोरांकडची यंत्रं एकीकडे मिळालेला पासवर्ड शेकडो ठिकाणी आपोआप लावून बघतात. कार्डाचा नंबर किंवा ओटीपीही दिला असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि आधी बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला घ्या, सर्च करून मिळालेला नको, कारण शोधात वर दिसणारे 'ग्राहक सेवा' नंबरही खोटे असू शकतात. आणि हो, 'गेलेलं खातं किंवा पैसे परत मिळवून देतो' असं सांगत कोणी खासगी निरोप पाठवला, तर तो दुसरा चोर समजा. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा गाठणं हा या लोकांचा जोडधंदाच आहे.

आता तुमचं दुसरं वाक्य: 'मी एवढा शिकलेला असून मूर्खासारखा कसा फसलो?' तर ऐका. ट्रॉय हंट नावाचा ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञ आहे. आपला मेल पत्ता कुठल्या डेटाचोरीत फुटलाय का ते तपासून देणारी 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट त्यानेच 2013 मध्ये सुरू केली. तो जगभर ऑनलाइन सुरक्षेवर व्याख्यानं देतो. मार्च 2025 मध्ये हाच माणूस फिशिंगला, म्हणजे खोटा मेल आणि खोटं पान दाखवून पासवर्ड काढून घेण्याच्या याच खेळाला, बळी पडला. लांबच्या प्रवासाने दमलेला होता, 'तक्रार आल्यामुळे तुमच्या मेलिंग लिस्टवर निर्बंध आणले आहेत' असा मेल आला, त्याने पासवर्ड टाकला, ओटीपीही टाकला. काही मिनिटांतच सुमारे 16,000 पत्त्यांची यादी चोराने उतरवून घेतली होती. हे सगळं त्याने स्वतःच लिहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला माहीत आहे.

त्यामुळे 'संशयास्पद मेल ओळखायला शिका' या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. पूर्वी अशुद्ध भाषा आणि वेडावाकडा लोगो बघून कळायचं. आता मजकूर सफाईदार असतो, लोगो खऱ्याचीच नक्कल असतो. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचंही तेच. कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं लोकांना वाटतं. कुलूप म्हणजे फक्त एवढंच की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतचं बोलणं मधे कोणी वाचू शकत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर चोराशी अगदी गुप्तपणे बोलता येतं, बस! या गैरसमजाला कंटाळून गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं.

मग ओळखायचं नाही तर करायचं काय? रस्ता बदलायचा. मेल, मेसेज, फोन यांतून आलेल्या रस्त्याने आत जायचंच नाही. पार्सलचं काही असेल तर ॲप उघडून किंवा पत्ता स्वतः टाइप करून बघायचं. बँकेतून फोन आला तर ठेवून द्यायचा आणि आपण लावायचा. निरोप खरा असेल तर तो तिथेही दिसेल. यात ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे दमलेलं, घाईत असलेलं डोकंही हे करू शकतं. घाई तर ते लावतातच. 'चोवीस तासांत खातं बंद' हे वाक्य तुम्ही विचार करू नये म्हणूनच लिहिलेलं असतं.

तरी पत्ता वाचायचाच असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: 'एचटीटीपीएस' नंतरच्या दोन तिरक्या रेषा सोडून द्या, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे, म्हणजे डावीकडे वाचा. त्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असेल, तोच खरा मालक. 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट पडताळणी डॉट भलतंच डॉट नेट' असं दिसलं, तर ती साइट 'भलतंच डॉट नेट'ची आहे. त्याच्या डावीकडे बँकेचं नाव कितीही वेळा येवो, ते केवळ सजावट. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर नेमका हा शेवटचा भाग कापला जातो, म्हणून मोबाइलवर लोक जास्त फसतात असं माझं निरीक्षण आहे.

डोळ्यांपेक्षा हे काम पासवर्ड मॅनेजर चांगलं करतो. लोकांना वाटतं तो फक्त पासवर्ड लक्षात ठेवायला. मला त्याचा मोठा उपयोग वाटतो तो हा की तो पासवर्ड ठरलेल्या पत्त्यावरच भरतो. पान हुबेहूब दिसलं तरी पत्ता वेगळा असेल तर गप्प बसतो. तो गप्प बसला की आपण थांबायचं. हंटच्या बाबतीतही तो गप्प बसला होता. याने दुर्लक्ष करून हाताने पासवर्ड टाकला.

टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खूण मागणारी) लगेच चालू करा, मात्र ओटीपी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. खोटं पान तुमच्याकडून ओटीपी घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकू शकतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या किंवा लॅपटॉपच्या लॉकने आत जायची सोय) किंवा यूएसबीला लावायची सिक्युरिटी की या खेळाला बळी पडत नाही, कारण ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. चुकीच्या पत्त्यावर ती उत्तरच देत नाही. गूगलने 2017 च्या सुरुवातीपासून आपल्या 85,000 हून जास्त कर्मचाऱ्यांना अशा की सक्तीच्या केल्या. त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगने गेल्याची नोंद नसल्याचं कंपनीने 2018 मध्ये सांगितलं. तुमच्या मेलला पासकीची सोय असेल तर आजच लावा.

आता व्हायरस. बहुतेक वेळा तो दार फोडून येत नाही, आपणच त्याला आत घेतो. मे 2000 मधला 'आय लव्ह यू' आठवतोय का कोणाला? प्रेमपत्र म्हणून आलेल्या फाइलचं नाव 'डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं संपत होतं. विंडोज शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे लोकांना साधी मजकुराची फाइल दिसली. उघडली की ती तुमच्या पत्तेवहीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवायची, म्हणजे पुढच्याला ती ओळखीच्या माणसाकडून यायची. गंमत म्हणजे विंडोज आजही मुळात तो तुकडा लपवतंच. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हल्लीची एक युक्ती मला त्याहून भयंकर वाटते. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा' असं पान येतं आणि सांगतं: विंडोजचं बटण आणि 'आर' दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने आधीच गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. अशाने शिरणारे प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड आणि चालू लॉगिन दोन्ही उचलून नेतात. असं काही तुम्ही केलं असेल, तर मात्र वरची सगळी कामं या लॅपटॉपवर नको, दुसऱ्या यंत्रावर करा आणि हा लॅपटॉप फॉर्मॅट करा.

अँटिव्हायरसचं उत्तर एका ओळीत: विंडोजबरोबर येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो, चालू ठेवा, वर दुसरा लादू नका. पूर्ण पडदा भरून 'पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा' असं आलं तर ते निव्वळ वेबपान असतं. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर जुनी पानं परत आणू नका.

अपडेट पुढे ढकलू नका, कारण काही किड्यांना, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या व्हायरसांना, तुमच्या क्लिकचीही गरज नसते. 12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाचा असाच एक किडा पसरला तेव्हा ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं.

बॅकअपबद्दल मात्र मी अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी मी एक क्रॅक केलेला व्हिडिओ एडिटर उतरवला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा.' मी शहाण्यासारखा केला. त्यातून शिरलेल्या रॅन्समवेअरने (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) लॅपटॉपमधल्या फाइल्स कुलूपबंद केल्याच, पण बॅकअपची डिस्कही तेव्हा जोडलेलीच होती, तीही गेली. दोन वर्षांचे फोटो त्यात होते. मित्राला दिलेल्या पेन ड्राइव्हवरचे तेवढे वाचले. तेव्हापासून बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात जाते. असं कोणावर आलंच, तर खंडणी भरण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर बघा. युरोपोल आणि डच पोलीस यांच्या पुढाकाराने 2016 पासून चालू आहे आणि काही जातींच्या रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं तिथे फुकट मिळतात. माझ्या जातीचं तिथे नव्हतं.

तर आता आधी मेलचे फिल्टर तपासा. अनोळखी नियम दिसला तर पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रत कुठल्या पत्त्यावर जात होती ते त्यात दिसतं, आणि पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर तोच उपयोगी पडेल. काय सापडलं ते इथे लिहा, तो पत्ता मात्र झाकून.