वाचकांचे प्रश्न : पोटऱ्यांसाठी मोजे घ्यावेत की स्लीव्ह?

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. दिवाळीपासून मी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर आठवड्यातून चार दिवस पळतो आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. अलीकडे दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. पळणे संपल्यावर तासाभरात त्या सैल पडतात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा भरून येतात. आमच्या ग्रुपमधील बरेच जण कॉम्प्रेशन स्लीव्ह (पोटरीवर चढवायची घट्ट कापडी नळी) वापरतात. दुकानदाराने मात्र गुडघ्यापर्यंतचे मोजे दाखवले आणि ‘२०-३० चे घ्या, जास्त फायदा होतो’ असे सांगितले. काय घ्यावे, किती दाबाचे घ्यावे आणि ते घालून रात्री झोपले तर चालेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घट्ट मोज्यांकडून किती अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवलेले बरे, म्हणजे पैसे वाया जात नाहीत. त्यांच्यामुळे पळण्याचा वेग वाढतो, असे आजवरच्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. पावलागणिक पोटरीच्या स्नायूंना बसणारा हादरा थोडा कमी होतो आणि पळण्यानंतरच्या एक-दोन दिवसांतले दुखणे अनेकांना सौम्य वाटते, एवढाच काय तो लाभ. आखडण्याचे मूळ कारण त्याने जात नाही. तुमच्या बाबतीत मला संशय येतो तो वाढलेल्या भाराचा. चार दिवस पळून झाल्यावर पाचव्या दिवशी पायऱ्या चढताना चवडा पायरीच्या कडेवर टेकला आणि टाच अधांतरी राहिली, की शरीराचे सगळे वजन ताणलेल्या पोटरीला पेलावे लागते. त्यातच मधल्या काळात तुम्ही बूट बदलले असतील आणि नव्या बुटांची टाच जुन्यांपेक्षा कमी उंच असेल, तर तो ताण दररोज वाढत गेला असणार.

आता निवडीकडे येऊ. स्लीव्ह घोट्याच्या वर सुरू होऊन गुडघ्याखाली संपते, तर मोजा बोटांपासून सुरू होतो. चांगल्या मोज्याचा दाब घोट्यापाशी सर्वाधिक असतो आणि वर जाताना कमी होत जातो, त्यामुळे शिरांमधले रक्त वर सरकण्यास मदत होते. स्लीव्हमध्ये पाऊल मोकळे राहते. पळताना घोटा सतत हलत असतो आणि पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, म्हणून तेव्हा पाऊल मोकळे असल्याने काही बिघडत नाही. मात्र तीच स्लीव्ह घालून तुम्ही पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलात किंवा दिवसभर खुर्चीत बसलात, तर तिच्या खालच्या कडेपासून पुढे पाऊल सुजू शकते. त्यामुळे पळण्यासाठी आणि चढण्यासाठी स्लीव्ह, तर बसून करायचा प्रवास, उभ्याने करायचे काम आणि पळून आल्यानंतरचे काही तास यांसाठी मोजा, अशी विभागणी मी सुचवेन. दोन्ही घेण्याची गरज नाही. तुमची तक्रार पळण्याशी निगडित असल्याने स्लीव्हची एक जोडी पुरेशी आहे.

स्लीव्हच्या बाजूने आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. पावसाळ्यात गंगापूर रोडने पळताना बूट भिजणारच, आणि भिजलेला घट्ट मोजा बुटात घासला की टाचेला फोड येतो. स्लीव्हसोबत आपल्या सवयीचा आखूड मोजा वापरता येतो आणि भिजल्यावर तेवढाच बदलता येतो. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करणाऱ्यांना तर मोजा उपयोगाचाच नाही. उन्हाळ्यात मात्र दोन्ही प्रकार त्रास देतात, कारण नायलॉन आणि इलास्टेनच्या दाट विणीखाली घाम साचून त्वचेला खाज सुटते. एप्रिल-मे महिन्यांत पळून आल्याबरोबर स्लीव्ह काढून पाय धुवावेत.

दाबाबद्दल दुकानदाराचे म्हणणे मला मान्य नाही. पाकिटावर लिहिलेला आकडा एमएमएचजी या एककात, म्हणजे आपण रक्तदाब ज्या एककात मोजतो त्यातच असतो, आणि मोज्याच्या बाबतीत तो घोट्यापाशी मिळणारा दाब सांगतो. निरोगी माणसाला पळण्यासाठी आणि प्रवासासाठी १५-२० पुरेसा असतो. २०-३० हा शिरांच्या विकारांवर वापरला जाणारा दाब आहे आणि तो डॉक्टरांनी पाय तपासून सांगितल्यावरच घ्यावा. पाकिटावर आकड्याऐवजी नुसते ‘क्लास १’ किंवा ‘क्लास २’ छापलेले असेल तर जपून, कारण हे वर्ग सगळ्या देशांत सारखे नाहीत: जर्मन मानकात क्लास १ म्हणजे १८ ते २१ आणि क्लास २ म्हणजे २३ ते ३२, तर ब्रिटिश मानकात क्लास १ म्हणजे १४ ते १७ आणि क्लास २ म्हणजे १८ ते २४. खेळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक स्लीव्हवर दाबाचा आकडाच नसतो. ती साध्या घट्ट कापडाची नळी असू शकते, आणि तिला भारी किंमत मोजण्यात अर्थ नाही.

मापाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. बुटाच्या नंबरावरून किंवा उंचीवरून पोटरीचे माप कळत नाही. सकाळी उठल्यावर, पायावर सूज चढण्याआधी, शिंप्याकडे असते तशी मऊ टेप घ्यावी आणि घोट्याच्या हाडाच्या लगेच वर, जिथे पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर मोजावा. त्यानंतर पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजावा. मोजा घ्यायचा असेल तर जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंचीही लागते. दोन्ही पाय स्वतंत्र मोजावेत, कारण त्यांत फरक असणे नेहमीचेच आहे. हे आकडे पाकिटावरील सेंटिमीटरच्या तक्त्याशी ताडून पाहावेत. घोटा ‘एम’मध्ये आणि पोटरी ‘एल’मध्ये बसत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघावा, मधलेच काही तरी उचलू नये. चढवल्यावर वरची कड गुडघ्यामागच्या घडीपासून दोन बोटे खाली राहिली पाहिजे. लांब वाटली म्हणून ती दुमडली, तर त्या जागी दाब दुप्पट होऊन पाय दोरीने आवळल्यासारखा होतो, आणि हा प्रकार मी सर्रास पाहतो. घोट्याजवळ सुरकुत्या पडल्या असतील तर तळहाताने त्या वर सारून कापड सपाट करावे. पंधरा मिनिटे घरातच चालावे. बोटांना मुंग्या आल्या, ती गार पडली किंवा निळसर दिसू लागली, तर ते माप आपले नव्हे.

रात्री घालून झोपू नये. हा उतरता दाब उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी असतो, आडवे झाल्यावर त्याची गरज उरत नाही.

खरेदीपूर्वी काही लक्षणे मात्र तपासून घ्यावीत. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल आणि दुखत असेल, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणावर पडून काढलेले दिवस यांनंतर, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखते आणि थांबल्यावर काही मिनिटांत दुखणे थांबते, असे होत असेल, त्यातही तंबाखूचे व्यसन किंवा मधुमेह असेल, तर रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायावर बाहेरून दाब देणे धोक्याचे ठरते. पळायला लागल्यावर दर वेळी साधारण त्याच मिनिटाला पोटरी फुटेल इतकी ताठत असेल आणि पाऊल बधिर होत असेल, तर स्नायूंच्या आवरणाखालचा दाब वाढत असण्याचा संभव असतो. तिथे स्लीव्हने त्रास वाढू शकतो. तुमच्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही, पण बधिरपणाचा उल्लेख राहून गेला असेल तर आधी तपासणी करावी.

स्लीव्ह येईपर्यंत किंवा न घेताही करण्यासारखे काम म्हणजे पोटऱ्यांना बळ देणे. पायरीवर चवडे टेकवून टाचा वर उचलाव्यात आणि तीन-चार सेकंद घेऊन सावकाश खाली सोडाव्यात. १२ ते १५ वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. भिंतीला हात टेकून ताण देताना एकदा गुडघा सरळ ठेवावा आणि एकदा किंचित वाकवावा, कारण वरचा मोठा स्नायू पहिल्या स्थितीत ताणला जातो आणि त्याखालचा दुसऱ्या स्थितीत. पांडवलेणीची चढाई महिनाभर एक रविवार सोडून करावी.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात आठ तास उभ्याने काम असते. संध्याकाळी पोटऱ्या जड होतात, घोटे सुजतात आणि उजव्या पायावर निळ्या शिरा फुगलेल्या दिसतात. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळचे पांढरे स्टॉकिंग्ज घरात पडून आहेत. ते वापरू का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : वापरू नका. ते अंथरुणावर पडून असलेल्या रुग्णासाठी कमी दाबाचे बनवलेले असतात आणि तेही तुमच्या आईच्या मापाचे. उभ्याने काम करणाऱ्याला स्लीव्हही नको; तुम्हाला पाऊल झाकणारे, गुडघ्यापर्यंतचे मोजे हवेत. शिरा फुगलेल्या असल्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवून, त्यांनी सांगितल्यास पायाची डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी) तपासणी करून घ्यावी. १५-२० की २०-३० हे त्यावरून ते ठरवतील. मोजे सकाळी आंघोळीनंतर पाय पूर्ण कोरडे करून चढवावेत. टाचेपर्यंतचा भाग उलटा करून पाऊल आत सरकवले आणि मग उरलेला भाग हळूहळू वर ओढला, की ओढाताण होत नाही. धुताना गार पाणी आणि साधा साबण वापरावा, पिळू नये आणि उन्हाऐवजी सावलीत वाळवावे. रोज वापरलेल्या मोज्यांचा ताण साधारण सहा महिन्यांत सैलावतो, तेव्हा नवी जोडी घेताना पायाचे माप पुन्हा घ्यावे.