तुमचे प्रश्न: बर्ली तंबाखू, तिची चव आणि पाइप

मागच्या अंकात पाइपच्या तंबाखूवर लिहिलं होतं, त्यात बर्लीवर जेमतेम दोन ओळी होत्या आणि पत्रं मात्र सगळी बर्लीवरच आली. म्हणून हा महिना तिलाच.

प्रश्न: मी सिनसिनाटीत असतो. इतके दिवस चेरी, व्हॅनिलावाल्या तंबाखू ओढायचो, आता प्रिन्स अल्बर्ट ह्या बर्ली तंबाखूचं पाउच आणलं. पहिल्यांदा अगदीच फिकी लागली, कोरडी. मग मधेच कोकोसारखं काहीतरी लागलं आणि गेलं. ह्यात नक्की काय लागायला हवं?

उत्तर: तुम्हाला लागलं ते अगदी बरोबर लागलं. बर्लीच्या पानात स्वतःची साखर जवळजवळ नसतेच आणि तिच्याबद्दल जे काही बोलायचं, चव, वास, जीभ, कडकपणा, ते सगळं फिरून ह्याच एका गोष्टीवर येतं, त्यामुळे आधी साखर जाते कुठे ते बघू.

व्हर्जिनिया ही तंबाखूची दुसरी जात, तिचं पान तोडलं की बंद कोठीत गरम हवेवर साधारण आठवडाभरात वाळवतात, उष्णतेने पानातली सगळी क्रिया थांबते आणि साखर आहे तिथेच अडकून राहते, म्हणून ती पिवळी आणि गोड. बर्लीचं तसं नाही. तिचं अख्खं झाड बुंध्याशी कापतात, पाच-सहा झाडं एका काठीत ओवतात आणि त्या काठ्या उंच लाकडी बार्नमध्ये उलट्या टांगून ठेवतात. आग नाही, भट्टी नाही, फक्त भिंतीतल्या उभ्या फळ्या उघडायच्या नाहीतर मिटायच्या, हवा किती दमट आहे ते बघून. असे चार ते आठ आठवडे. पान झाडावरून उतरलं तरी लगेच मरत नाही, ते श्वास घेत राहतं आणि स्वतःचीच साखर खाऊन संपवतं. हिरवं होतं ते पिवळं होतं, मग तपकिरी. केंटकीत गाडीने जाताना रस्त्याच्या कडेला काळ्या रंगाचे जे जुने बार्न दिसतात ना, त्यातले कितीतरी ह्याच कामाचे, 2004 मध्ये कुणी किती तंबाखू पिकवायची हे ठरवणारी सरकारी कोटा पद्धत बंद झाली आणि खूप शेतकऱ्यांनी तंबाखू सोडली तेव्हापासून बरेच रिकामे पडलेत, बघून वाईट वाटतं.

आणि तुम्ही सिनसिनाटीत आहात म्हणून सांगतो, आजची पांढरी बर्ली तुमच्या शेजारचीच. ओहायो नदीच्या काठाने वर गेलात की ब्राउन काउंटी लागते, तिथे हिगिन्सपोर्टजवळ 1864 मध्ये जॉर्ज वेब नावाच्या शेतकऱ्याने नदीपलीकडच्या केंटकीतल्या ब्रॅकन काउंटीतून आणलेलं बी पेरलं. रोपं आली ती फिकट, पिवळट पांढरी, रोग पडल्यासारखी. पण ती जगली, वाढली आणि वाळल्यावर पान इतकं हलकं, सच्छिद्र निघालं की 1867 मध्ये सेंट लुईच्या जत्रेत तिने नाव काढलं. हरितद्रव्य कमी असलेली ती रोपं, तिथून ह्या जातीचा सगळा विस्तार झाला.

सच्छिद्र हा शब्द महत्त्वाचा. बर्लीचं पान रस शोषून घ्यायला एक नंबर. म्हणून कारखान्यात तिला केसिंग करतात, म्हणजे कोको, ज्येष्ठमध, मोलॅसिस, साखर असल्या गोष्टींचं पातळ पाणी पानाला पाजतात आणि मग चांगलं गरम करून वाळवतात. त्या उष्णतेत पानातला अमोनियाचा उग्रपणा उडून जातो आणि भाजल्याची चव येते. व्हर्जिनिया ही पोळी धरली तर बर्ली भाकरी आहे, तिची स्वतःची गोडी फार हळू कळते आणि सोबत जे वाढाल त्याला ती आपलं म्हणते.

प्रिन्स अल्बर्ट हा त्यातला जुना नमुना, आर. जे. रेनॉल्ड्सने 1907 मध्ये बाजारात आणला, लाल डब्यावर जो लांब कोटातला माणूस आहे तो म्हणजे ब्रिटनचा राजा होण्याआधीचा सातवा एडवर्ड. केसिंग हलकं आहे, पानाला झाकत नाही. पाउच उघडलं की आधी सुक्या गवताचा वास, त्याच्यामागे कोको पावडर, कोको म्हणजे बिनसाखरेचा हं, चॉकलेटची वडी नाही. पेटवल्यावर भाजलेले दाणे, थोडी करपलेली पावाची कड, जिभेच्या मागच्या बाजूला किंचित तुरट. पाइपच्या वाटीत, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागात, मध्यावर आलात की कोको सगळ्यात स्पष्ट लागतो, तुम्हाला मधेच लागलं ते हेच. शेवटच्या तिसऱ्या भागात गोडवा जवळजवळ संपतो आणि पान तेवढं उरतं, मातकट, थोडं मिरमिरीत. मला स्वतःला तोच भाग आवडतो, पुष्कळांना नाही आवडत, त्यांनी तिथे थांबावं, तळापर्यंत ओढलीच पाहिजे असा काही नियम नाही.

मग गेलं कुठे? तर तुम्ही भरभर ओढत असणार. व्हॅनिलावाल्या तंबाखूत वरून मारलेला सुगंध असतो, तो कसाही ओढला तरी येतो. बर्लीची चव कमी आचेवर असते, धूर गरम झाला की दाणे आणि कोको दोन्ही जातात, उरते ती नुसती कडवट राख. झुरके लहान घ्या, मधे इतकं थांबा की आता विझते की काय असं वाटलं पाहिजे, विझली तर विझू द्या, परत पेटवा. वाटी खाली जरा घट्ट आणि वर सैल अशी भरू नका, उलटी भरा, खाली सैल आणि वर जरा दाबून. पहिल्या काडीला तंबाखू फुगून वर येते, ती टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने, अलगद बसवायची आणि मग दुसरी काडी, खरं ओढणं तिथून सुरू.

पाइप कुठला हेही कुणीतरी विचारलंय. मक्याच्या कणसाचा घ्या. मिसुरीत वॉशिंग्टन नावाच्या गावी 1869 पासून मिसुरी मिअरशॉम कंपनी ते बनवते, स्वस्त असतात, ओल शोषतात आणि नवे असल्यापासून बर्लीची चव सरळ देतात. व्हॅनिला ओढून ओढून मुरलेल्या लाकडी पाइपमध्ये बर्ली भरलीत तर तुम्हाला जुन्या व्हॅनिलाचं भूतच लागत राहील.

प्रश्न: मी स्वतः ओढत नाही, नवरा ओढतो. आधी घरात केकसारखा वास यायचा, आता त्याने कुठलीतरी साधी बर्ली आणलीय आणि पडद्यांना विडीच्या धुरासारखा वास बसलाय. तंबाखू खराब आहे का? (लुईव्हिल)

उत्तर: ताई, तंबाखू खराब नाही, आधीच्या तंबाखूचा वास तंबाखूचा नव्हताच. तो वरून लावलेल्या व्हॅनिलाचा होता. बिनकेसिंगची बर्ली धुराला सिगारकडे झुकणारी, कोरडी, थोडी उग्र असते आणि कापडात बसते. कोको लावलेली बर्ली त्या मानाने खोलीत बरी वाटते. पण वास कसाही असला, केकचा असला तरी, धूर तो धूरच आणि तुमच्या फुप्फुसात जातोय. त्यांना बाहेर अंगणात नाहीतर पोर्चवर बसून ओढायला सांगा, खिडकी उघडून भागत नाही. हे मी पाइप ओढणारा माणूस म्हणून सांगतोय, त्यांनी ऐकायला हवं.

प्रश्न: व्हर्जिनियाने माझी जीभ पोळते म्हणून मित्राने बर्लीचा फ्लेक (दाबून कापलेल्या पातळ चकत्या) दिला, सोलानी कंपनीचा जुन्या बर्लीवाला. जीभ अगदी शाबूत राहिली, चव तर फारच छान, पण अर्ध्या वाटीत उचकी लागली, घाम फुटला आणि डोकं गरगरायला लागलं. मी धूर आत घेतच नाही, मग असं कसं झालं?

उत्तर: दोन्ही गोष्टींचं कारण एकच, परत तीच साखर. साखर असलेल्या पानाचा धूर आम्लधर्मी असतो, साखर नसलेल्या बर्लीचा अल्कलीकडे झुकतो. आम्ल, साखर आणि ओली वाफ हे सगळं मिळून व्हर्जिनिया जिभेला चावते, भरभर ओढली की जास्तच. बर्लीत ते कमी, म्हणून तुमची जीभ वाचली (तरी बर्ली घाईने ओढली तर तीही पोळते, फक्त जरा उशिरा). पण अल्कली धुरातलं निकोटिन मोकळं असतं आणि ते तोंडाच्या आतल्या कातडीतूनच थेट रक्तात उतरतं, छातीत घ्यायची गरजच नाही. त्यात बर्लीच्या पानात मुळात निकोटिन जास्त आणि झाडाच्या शेंड्याकडची लालसर पानं तर सगळ्यात कडक. तुमच्या मित्राने दिलेला तो फ्लेक चवीला देखणा आहे, गडद कोको, अक्रोड, पण नवख्याने रिकाम्या पोटी ओढायचा नाही तो.

उचकी ही पहिली सूचना समजा. उचकी लागली की पाइप खाली ठेवायचा, पाणी प्यायचं, मोकळ्या हवेत बसायचं. अजून थोडीच राहिलीय म्हणून संपवायला जाऊ नका. पुढच्या वेळी जेवणानंतर, लहान वाटीत आणि फ्लेक चांगला चुरून भरा. खरं तर इतका त्रास झाला असेल तर कार्टर हॉल किंवा हाफ अँड हाफसारख्या सौम्य तंबाखूकडे या, हाफ अँड हाफमध्ये बर्ली आणि गोडसर पिवळी व्हर्जिनिया दोन्ही आहेत, जीभही राहते आणि डोकंही.

प्रश्न: बर्ली हवेवर वाळवतात, साखर नाही, साधं पान. म्हणजे सिगरेटपेक्षा नैसर्गिक आणि कमी घातक म्हणायला हरकत नाही ना?

उत्तर: हरकत आहे, मोठी हरकत आहे. पाइप ओढणाऱ्यांना ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस ह्या सगळ्यांचा कॅन्सर होऊ शकतो, धूर आत घेतला नाही तरी तोंड आणि घसा तर त्यात असतातच. आणि हवेवर वाळवण्याचं म्हणाल तर उलटंच आहे. बर्लीला नत्राचं खत भरपूर लागतं, पानात नायट्रेट साठतं आणि त्या लांबलचक वाळवण्यात सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, मग तंबाखूतल्या निकोटिनसारख्या द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसॅमाइन्स तयार होतात, कॅन्सर करणारी. बर्लीत ती व्हर्जिनियापेक्षा साधारणपणे जास्तच सापडतात. म्हणजे ज्या टांगणीत कोको आणि दाण्याची चव घडते त्याच टांगणीत हेही घडतं. मी ह्या पानाबद्दल प्रेमाने लिहितो ते खरं, पण जो ओढत नाही त्याने माझं वाचून सुरू करू नये. ओढत असाल आणि सोडता येत असेल तर सोडा, घरच्यांनी आग्रह धरला तर चिडू नका.

प्रश्न: निपाणीची तंबाखू आमच्या कोल्हापूरला शेजारची. ती पाइपमध्ये भरली तर बर्लीसारखी लागेल का? आणि भारतात बर्ली होते का?

उत्तर: नाही लागणार. निपाणीची ती विडीची तंबाखू, उन्हात वाळवलेली, चुऱ्याची, फार कडक. विडीत ती चिमूटभर असते, पाइपच्या वाटीत कितीतरी पट बसेल, भलतंच होईल, नका करू. बर्ली आंध्रात होते, गोदावरीच्या बाजूला रंपचोडवरमच्या डोंगराळ भागात. ती बहुतेक सिगरेटच्या मिश्रणात आणि परदेशात जाते, पाइपसाठी म्हणून दुकानात सहसा मिळत नाही.

प्रश्न: काकांच्या कपाटात बर्लीचा जुना डबा सापडला, आत सगळं कुरकुरीत झालंय. जुनी व्हर्जिनिया मुरून भारी होते म्हणतात, तसं हिचंही झालं असेल का? की फेकू?

उत्तर: व्हर्जिनिया मुरते ती मुख्यतः तिच्यातल्या साखरेच्या जोरावर. बर्लीत मुरायला तेवढं काही नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं ठेवून ती फारशी बदलत नाही, कडा थोड्या मऊ होतात इतकंच. लावलेला कोको मात्र उघड्या डब्यातून उडून गेलेला असेल.

फेकायच्या आधी उजेडात नीट बघा. पांढरी, केसाळ बुरशी किंवा कुबट वास असेल तर सरळ टाका. नसेल तर पसरट भांड्यात घ्या, स्प्रेने उकळून गार केलेल्या पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, हाताने वरखाली करा, काचेच्या बरणीत भरून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सफरचंदाची फोड किंवा पावाचा तुकडा टाकायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका, बुरशी हमखास तिथूनच येते. चिमूट दाबली की तंबाखू बोटांना न चिकटता हळूहळू परत फुलली पाहिजे, लगेच उसळली तर अजून कोरडी आहे, गोळा होऊन बसली तर ओली झालीय, मग कागदावर वीसेक मिनिटं पसरून ठेवा. बर्ली व्हर्जिनियापेक्षा जरा कोरडीच बरी लागते, त्यामुळे दोन फवारे कमी पडले तरी चालतील, जास्त नकोत.