माळ्यावरची खार

प्रश्न : सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर खारीने घरटे केले असून विजेची वायरही कुरतडली आहे. काय करावे?

उत्तर : आधी मेन स्विच बंद करून वायरिंग तपासून घ्यावे. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने ती कुरतडणारच. घरट्यात पिल्ले असतील, तर ती स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-अडीच महिने, थांबावे; आत्ताच वाट बुजवल्यास आई बाहेर अडकेल आणि पिल्ले आत उपाशी मरतील, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. नंतर माळा रिकामा असल्याची खात्री करून सरकलेली कौले नीट बसवावीत आणि वाशांमधील फटींना अर्धा इंच छिद्रांची लोखंडी जाळी ठोकावी; प्लॅस्टिकची जाळी टिकत नाही. छपराला टेकलेल्या फांद्या महापालिकेच्या परवानगीने छाटाव्यात. विष कदापि ठेवू नये.