फील्डवर निघालीस? आधी हे ऐक

पोरी, मानसिक आरोग्याच्या या कामात पहिल्याच आठवड्यात तू घरोघरी स्वतःचा नंबर देशील. देऊ नको. मी दिला होता, मग रात्री दोनला बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीहून फोन यायचे. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट. तो कागदावर लिहून दे.

माणसांच्या दुःखानं मी कमी थकले, कागदांनी जास्त. बाई मराठीत रडते, तालुक्याला रिपोर्ट कन्नडात, देणगीदाराला इंग्रजीत. एकच दुःख तीनदा लिहायचं! म्हणून आठवड्याची एक दुपार फक्त लिहिण्यासाठी मागून घे, तोंडी नव्हे. केसेस किती, बसभाडं कोण देणार, तेही नेमणूकपत्रात हवं. माझ्या जुन्या संस्थेत तीन महिने पगार अडकला, वर "ही सेवा आहे" म्हणाले. सेवा होय की, पण किराणावाला ऐकतोय व्हय?

पेशंटची चीड यायला लागली तर लाजू नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामानं पार थकून जाण्याला, आजारात धरलं नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणाशी जोडलं. सुपरवायझरला सरळ सांग. गोळ्या बदलायचा निर्णय डॉक्टरांचा, अवघड केस धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पाठव.

आणि जांबोटी भागात पावसाळ्यात जाताना शेवटच्या बसची वेळ आधी विचार.